केस न गाळणारं कुत्रं

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू देत. आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला एकीचा आवाज चढतो आणि चौथ्याला दुसरी फोन आपटते, म्हणून लिहिते आहे. कागदावर निदान तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

रविवारी तू आईला म्हणालीस, "आता माझ्याकडेच ये. कायमची." मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. चोरून ऐकत नव्हते. आई फोन हातभर लांब धरून स्पीकरवर बोलते, खालच्या मजल्यावरच्यांनासुद्धा तुझी खुशाली कळते. तुझ्याकडे तिच्यासाठी वेगळी खोली आहे, खिडकीतून बाग दिसते, लिफ्ट आहे, सगळं ऐकलं. आमच्याकडे लिफ्ट नाही हे मुद्दाम सांगायची गरज नव्हती. आईच्या गुडघ्यांना ते चार वर्षांपासून माहीत आहे.

आई "बघू" म्हणाली. मी काही विचारलं आणि ती "बघू" म्हणाली की त्याचा अर्थ नाही. तू विचारलंस आणि "बघू" म्हणाली की त्याचा अर्थ, माझी बॅग कुठल्या माळ्यावर आहे? असो.

मुद्द्याचं सांगते. आम्ही कुत्रा पाळायचं ठरवलं आहे. टिंगी केव्हाची मागे लागली आहे. (तुझी भाची आठ वर्षांची झाली. तू पाठवलेला फ्रॉक चार वर्षांच्या मुलीला झाला असता.) नवरा हो म्हणाला, तो कशालाही हो म्हणतो. मी दिवसभर कारखान्यात सोफ्यांची कव्हरं शिवते, तो दुकानात असतो, टिंगी शाळेत. आईला सोबत हवी. माझं मत असं, की कुत्रा चांगला मोठा, झुपकेदार, भरपूर केसांचा असावा. एकदा जीव लागला की आई त्याला सोडून कुठे जायची नाही. तुला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात आणि डोळे सुजतात, हे मला आपलं लिहिता लिहिता आठवलं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

आणखी एक. आईच्या उशापाशी तुझा फोटो असतो. माझा नाही. विचारलं तर म्हणते, "तू तर समोरच असतेस." तुला राणी म्हणायची आणि मला ठकी, तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं.

ठकी
(विसरली असशील तर, तुझी धाकटी बहीण)


२१ फेब्रुवारी

ताई,

माझ्या पत्राला उत्तर नाही, आणि आईच्या फोनवर मात्र कुत्र्यांच्या फोटोंचा पाऊस. पूडल आणि आणखी कुठल्यातरी जातीची सरमिसळ. छोटी, कुरळी, बटणासारख्या डोळ्यांची. खाली तुझं भाष्य: केस गाळत नाहीत, त्यामुळे मला त्रास होणार नाही, आणि विमानात पिशवीत बसतात, म्हणजे आई येताना घेऊन येऊ शकेल.

वा! मी कुत्रा शोधते आहे आईला ठेवून घ्यायला आणि तू शोधते आहेस तिला कुत्र्यासकट उचलून न्यायला. लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले. खोडत नाही.

तू काय वाचलं आहेस ते मला माहीत नाही, पण केसांतलं मला कळतं. दहा वर्षं लोकांचे सोफे उसवते आहे. कुठल्या घरात कुत्रा आहे, कुठल्या घरात मांजर आहे आणि कुठल्या घरात नवरा सोफ्यावर झोपतो, हे मला शिवणीतून कळतं. या तुझ्या कुरळ्यांचे केस गळत नाहीत म्हणजे जातात कुठे? वाढत राहतात, माणसासारखे. रोज विंचरायचे, नाहीतर जुन्या गादीतल्या कापसासारखे गठ्ठे होतात. महिन्या-दीड महिन्याने कापायचे. आणि मिश्र जातीत कोणतं पिल्लू कोणावर जाईल याचा भरवसा नाही. एकाच आईच्या पोटची दोन पोरं, एक कुरळं, एक सरळ, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटावं. हे मी तुला सांगायला हवं का?

शेजारच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर परगावी चालले आहेत, त्यांच्या कुत्र्याला घर हवं होतं. सोनेरी, वासराएवढा. मी त्याला चहाच्या वेळी घरी बोलावलं, म्हणजे डॉक्टरांसकट. तो नवऱ्याच्या पायांवर बसला, टिंगीचं बिस्कीट खाल्लं, आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईने त्याच्या कानामागे खाजवलं. मला वाटलं, जमलं. मग तिने शालीवरचा एक लांब सोनेरी केस चिमटीत धरून उजेडात बघितला.

"गुणी आहे गं," ती म्हणाली. "पण राणी आली तर?"

ताई, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टर बसले होते म्हणून गप्प राहिले. राणी आली तर! चार वर्षांत कितीदा आलीस? आता तू म्हणशील, तूच म्हणाली होतीस येऊ नकोस. म्हणाले होते. आईला मी माझ्याकडे आणलं, तू दोन दिवसांसाठी पाहुणी म्हणून आलीस आणि जिने मोजत बसलीस, न्हाणीघरातल्या फरशीला नावं ठेवलीस. मी रागाने बोलले. आयुष्यात माझं तू ऐकलेलं हे एकच वाक्य.

डॉक्टरांचा कुत्रा त्यांच्या मावसभावाकडे गेला. आई तुझ्या फोटोंतले कुत्रे टिंगीला दाखवते आहे. दोघींचं संगनमत झालं आहे. घरात मला कोणी विचारत नाही.

ठकी


१५ मार्च

ताई,

तुझ्या मनासारखं झालं. कालपासून आमच्याकडे पूडलच्या रक्ताचा छोटा कुत्रा आहे. आता पेढे वाट.

जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरबाईंच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. पिल्लांची आई लांब कानांची, शांत. बाप पूडल, पण तो काही बघायला मिळाला नाही. आम्ही चौघं गेलो. आईने गेल्या गेल्या विचारलं, "हात कुठे धुऊ?" आणि कोपरापर्यंत साबण लावून धुतले. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली पण वॉर्ड काही सुटला नाही. ती हात धूत होती तोवर मी कंपाउंडरबाईंशी जरा इकडचं तिकडचं बोलले.

मग तपासणी. चार पिल्लं होती. आईने एकेकाला उताणं केलं, पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या, कानात वास घेतला, मागे जाऊन टाळी वाजवली. नवरा म्हणाला, "आई, आमच्या लग्नाआधी माझं एवढं बघितलं नव्हतंत." आई म्हणाली, "तिथेच चुकलं." टिंगीला तिच्या बुटाची नाडी खाणारं हवं होतं. नवऱ्याला झोपलेलं हवं होतं, त्याला ते घरचं वाटलं. तिसरं सारखं पाणी पीत होतं. चौथं सरळसोट तोंडाचं, मिशा-दाढी काही नाही, अंगावर कुरळं कमी आणि नुसत्या लाटा. ते येऊन माझ्या चपलेवर बसलं.

निघताना आईने मला फर्मावलं होतं, "तुमच्याकडचा तो काळ्या मखमलीचा तुकडा घे." नवं कापड आलं की त्याचे तंतू सुटतात का हे बघायला आम्ही कारखान्यात काळी मखमल घासून बघतो. तंतू सुटत असतील तर मखमल लगेच सांगते. केस गाळणारं कुत्रं ओळखायला आईला याहून चांगली युक्ती सुचली नसती. सगळं तुझ्यासाठी, हे वेगळं सांगायला नको.

मी चौघांच्या पाठीवर मखमल घासली आणि तिला दाखवली. स्वच्छ. काळीकुट्ट. चारही पोरं गुणाची निघाली. आईने चष्मा कपाळावर चढवून मखमलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग खाली वाकून माझ्या चपलेवरचं उचललं.

"हा," म्हणाली.

निवड सर्वस्वी तिची. मी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर तिचं पहिलं वाक्य: "राणीला फोटो पाठव." मी पिशव्या घेऊन दोन जिने चढले होते, पिल्लाने माझ्या अंगावर शू केली होती. आधी राणीला फोटो.

टिंगीने नाव झिपऱ्या ठेवलं आहे.

ठकी


२८ एप्रिल

ताई,

तुझी तिकिटं आली. जूनची दहा तारीख. आई आणि "एक लहान पाळीव प्राणी, पिशवीत." आईने ती कपाटात, शालींच्या घडीखाली ठेवली आहेत. काही बोलत नाही. मीही बोलत नाही. घरात सगळे एकमेकांशी झिपऱ्यामार्फत बोलतात. "झिपऱ्या, आजीला सांग जेवायला चला." असं चाललं आहे.

तू फोटो बघून विचारलंस, याला मिशा का नाहीत? लहान आहे. येतील.

कुत्रा वाईट नाही. पण त्याचे जे लाड चालले आहेत ते बघून माझं पित्त खवळतं. आई रोज सकाळी गॅलरीत स्टुलावर बसते, त्याला दोन गुडघ्यांमध्ये धरते आणि विंचरते. आधी कान, मग पाठ, मग शेपटी. वर त्याच्याशी बोलते. "इथे गुंता आहे रे राजा, थांब, दुखणार नाही." मला चहा ओतायला सांगते आणि स्वतः उठत नाही.

तुला आठवतं का? मला रोज आठवतं. आईची सकाळची ड्युटी असायची, सहाला बाहेर पडायची. दोघींच्या वेण्या घालायला वेळ नव्हता. एकीच्याच व्हायच्या. तुझे केस लांब, दाट, सगळे कौतुक करायचे, म्हणून तुझ्या वेण्या. माझे कापून टाकले. बॉयकट. शाळेत मला "ए मुला" म्हणायचे. मी उंबऱ्यात दप्तर घेऊन उभी राहायचे आणि ती तुझे पेड घालायची. कंगवा तुझ्या केसांतून जाताना आवाज यायचा, तो मला अजून ओळखता येतो. परवा गॅलरीतून तोच आवाज आला. पन्नाशीला आलेली बाई मी, हातात चहाचं भांडं, आणि एका कुत्र्याचा मला हेवा वाटला. लाज वाटते, पण वाटला हे खरं.

तुझ्याकडे लिफ्ट आहे, बाग आहे, लांब केस होते. माझ्याकडे आई आहे. तेवढी एक गोष्ट. तीही तुला जूनच्या दहा तारखेला हवी आहे.

ठकी


१९ मे

ताई,

काल फोनवर तू जे ऐकलंस ते मीही ऐकलं. आई स्पीकरवर तुला म्हणाली, "राणी, हा कुत्रा केस गाळतो. घरभर गाळतो. मला यायला जमायचं नाही, तिकिटं परत कर." तू ओरडलीस, "ठकीने मुद्दाम केलंय!" आई म्हणाली, "ठेवते गं, दूध उतू जातंय." गॅसवर काही नव्हतं.

हो. मुद्दाम केलं. कंपाउंडरबाईंशी मी इकडचं तिकडचं बोलले नव्हते. मी विचारलं होतं, यातला केस गाळणारा कोणता? त्या म्हणाल्या, ज्यांना मिशा-दाढी आहे ते फारसे गाळत नाहीत, तो गुळगुळीत तोंडाचा मात्र बापावर गेलेला नाही, तो गाळणार. त्याच्यावर घासली तेव्हा मखमल पांढरी झाली होती. मी घडी उलटी करून आईला स्वच्छ बाजू दाखवली. आता घरात काळी वस्तू काळी राहिलेली नाही. नवरा दुकानात जातो तेव्हा गिऱ्हाईकं त्याच्या कपड्यांवरचे केस बघून विचारतात, कुठली जात?

मला वाटलं होतं, आईने फोन ठेवला की मला आनंद होईल. झाला. दोन मिनिटं. मग तिने हाक मारली.

ती गॅलरीत होती, झिपऱ्या गुडघ्यांत. मी म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"तिथेच. मखमलीची घडी उलटी होती. चाळीस वर्षं चादरींच्या घड्या बघितल्यात मी."

"मग बोलली का नाहीस? दुसरं घ्यायचं होतंस."

"तुझा चेहरा बघितला," ती म्हणाली. "लहानपणी तू राणीची बाहुली लपवायचीस ना, तेव्हा तुझा असाच चेहरा व्हायचा. मी दर वेळी उशीखालून बाहुली काढून राणीला द्यायचे. तू रडायचीही नाहीस, नुसती बघायचीस. या वेळी म्हटलं, राहू दे तिच्याजवळ."

ताई, तरी मी भांडलेच. मला दुसरं काही येत नाही. म्हणाले, "म्हणजे माझ्यावर उपकार म्हणून राहिलीस. मनातून जायचं होतं तुला तिच्याकडे."

तेव्हा ती चिडली. आई चिडली की आवाज खाली जातो, ठाऊक आहे ना? "एक म्हणते ये, तिकिटं पाठवते. दुसरी म्हणते राहा, कुत्रं आणून बांधते. आई, तुला काय हवंय, हे विचारलंत तुमच्यापैकी एकीने?"

"काय हवंय?"

"चार वर्षं एकच सांगतेय. राणी आली तर. राणी आली तर. तुला ऐकू येतं आणि नाकाला मिरच्या झोंबतात. मी जाते असं कधी म्हटलं मी? ती आली तर, एवढंच म्हणतेय."

मी म्हणाले, "पण तिला शिंका..."

"शिंकांवर गोळी मिळते," आई म्हणाली. "रोज एक. मी नर्स होते, विसरलात का दोघी?"

तिने कपाटातून गोळ्यांचं पाकीट आणून दाखवलं. मार्चमध्ये घेतलेलं आहे. झिपऱ्या घरात आला त्याच आठवड्यात. तू तिकडे मिशा तपासत होतीस, मी इकडे मखमल उलटी करत होते, आणि तिने शालींच्या घडीखाली तुझी तिकिटं आणि तुझ्या गोळ्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

मी तिच्या पायाशी खाली बसले. कशाला ते माहीत नाही, पाय दुखत होते बहुतेक. तिने झिपऱ्याला सोडलं आणि कंगवा माझ्या डोक्यात घातला. त्याचाच कंगवा, त्याच्याच केसांनी भरलेला. माझे केस आता खांद्यापर्यंत आहेत, विरळ झाले आहेत, कानांपाशी पांढरे. तिने भांग पाडला, मागे ओढले, पुढे आणले. बराच वेळ विंचरलं. मग कंगवा उजेडात धरून बघितला.

"तूही गाळतेस की गं," म्हणाली.

मी हसले आणि रडलेही. झिपऱ्या भुंकला, त्याची वेळ मी खाल्ली म्हणून.

तेव्हा ये. येऊ नकोस म्हणाले होते ते मागे घेते. तिकिटांची दिशा तेवढी बदलून घे. टिंगीची खोली तुला देतो आहोत. गादीला मी घट्ट विणीच्या कापडाचं कव्हर शिवलं आहे, त्यातून केस आत जात नाहीत, आणि झिपऱ्याला त्या खोलीत मज्जाव आहे. जिने मोजायचे असतील तर मोज, पण मनातल्या मनात. फरशी बदलली आहे. तुझ्या बोलण्यावरून नाही, फुटली होती म्हणून.

आईच्या खोलीत मी झोपते, हे आधीच सांगून ठेवते. आल्या आल्या "आई, माझी वेणी घाल" म्हणत पुढे बसू नकोस. सकाळी गॅलरीत रांग असते. आधी झिपऱ्या, मग मी, मग तू.

ठकी